म्हातारपणाचा नकाशा आणि दोन दोऱ्या

ग्रंथालयातली जुनी कार्डं ज्यांनी हाताळली असतील त्यांना आठवत असेल, प्रत्येक कार्डाला खालच्या कडेला मधोमध एक गोल भोक असतं. खणातली सगळी कार्डं एका सळईत ओवलेली असायची, म्हणजे कुणी काढून नेऊ नयेत. माझी सून एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. त्यांच्याकडं सगळं कॉम्प्युटरवर गेलं आणि ही कार्डं रद्दीत निघाली, तेव्हा तिनं दोन पिशव्या भरून आणली. एका बाजूला पुस्तकाचं नाव टाइप केलेलं, दुसरी बाजू कोरी. कोरी बाजू बघून तिला ती टाकवेनात, आणि ते भोक बघून मला.

एक सांगून ठेवते. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. तेव्हा पुढं सून मला आत्या म्हणेल तर ती माझी भाची आहे असं समजू नका.

तिची पीएच.डी. चालू होती. चालू होती म्हणजे सहा वर्षं चालूच होती. नोकरी, घर, सासऱ्यांचं आजारपण, मग त्यांचं जाणं, या सगळ्यात ती मागं मागं पडत गेली. दोनदा मुदत वाढवून घेतली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. तिला मार्गदर्शन करणारे सरही निवृत्त व्हायला आले होते. सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी समितीपुढं सगळं काम मांडायचं, त्यांनी मान डोलावली तर प्रबंध पुढं जाणार, नाहीतर सहा वर्षं पाण्यात. हे ती मला तोंडानं कधी बोलली नाही. पण पोळी लाटता लाटता तिचा हात थांबायचा, त्यावरनं मला कळायचं.

विषय काय, तर म्हातारपण. म्हणजे तसं म्हातारपणही नाही. जगात म्हातारपणावर कोण कोण काय काय अभ्यास करतंय आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांत त्या अभ्यासाची वाट कुठून कुठं वळली, त्याचा नकाशा काढायचा. मी म्हणलं, म्हणजे संशोधन करणाऱ्यांवर तुझं संशोधन? ती व्हय म्हणाली. म्हणलं, लई बरं. आम्ही म्हातारं व्हायचं, त्यांनी आम्हाला बघायचं, आणि तू त्यांना बघायचं. ती हसली, पण थोडंच.

मी सोलापुरात भवानी पेठेत दोन खोल्यांत राहते. मालक, म्हणजे माझे यजमान, गेल्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून एकटी. मुलगा आणि सून जुळे सोलापुरात फ्लॅटमध्ये. मुलगा दर आठवड्याला विचारायचा, आई, कधी येतेस. मी म्हणायची, येते की, घाई काय हाय. त्यानं तर तिथली छोटी खोली रिकामी करून ठेवली होती, कपाट सरकवलं होतं, खिडकीला जाळीसुद्धा बसवली होती. त्याचं मन मला कळत होतं. पण माझे पाय इथं रुजलेत. याच गल्लीत मागच्या शेडमध्ये मी तीस वर्षं कांड्या भरल्या. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती, आडव्या सुताची. लडीवरचं सूत कांडीवर गुंडाळायचं, दिवसभर. शाळा चौथीत सुटली होती. पुढचं वाचणं मी सुताच्या गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत शिकले आणि मग सुनेनं आणून दिलेल्या पुस्तकांवर.

सुट्टीच्या दिवशी सून माझ्याकडं काम घेऊन यायला लागली. फ्लॅटमध्ये बेल वाजते, कुणी येतं, कुकरच्या शिट्ट्या मोजाव्या लागतात. इथं मागांची खटखट असते, पण ती खटखट कुणाला काही विचारत नाही. ती खाटेवर लॅपटॉप घेऊन बसायची, मी खाली सतरंजीवर शेंगा सोलत.

तिचं काम कसं होतं ते मला समजलं तसं सांगते. जगातले अभ्यासक जो निबंध लिहितात, त्याच्या वर पाच-सहा खुणेचे शब्द देतात, की बाबा, माझं लिखाण यावर आहे. असे हजारो निबंध तिनं गोळा केलेले. कॉम्प्युटर ते शब्द घेतो आणि चित्र काढतो. जो शब्द जास्त वेळा आला त्याचा गोळा मोठा. जे दोन शब्द एकाच निबंधात जोडीनं आले त्यांच्यात एक रेघ. पुन्हा पुन्हा जोडीनं आले की रेघ जाड. जुने शब्द निळे, अलीकडचे पिवळे. झाला नकाशा.

पण ग्यानबाची मेख अशी, की एकच गोष्ट प्रत्येक जण आपल्या शब्दात लिहितो. कुणी वृद्ध लिहितो, कुणी वयस्कर, कुणी ज्येष्ठ नागरिक. कॉम्प्युटरला वाटतं ही तीन वेगळी माणसं. त्याला आधी सांगावं लागतं, की अरे, हे सगळे एकच, यांचा एकच गोळा कर. आणि ते ठरवायचं माणसानं. शब्द सगळे इंग्रजी. सून एकेक शब्द कार्डाच्या कोऱ्या बाजूवर लिहायची, खाली पेनानं मराठी अर्थ, आणि सतरंजीवर मांडायची. मांडलेली कार्डं पंख्यानं उडायची. ती गोळा करायची, पुन्हा मांडायची, पुन्हा उडायची.

दोन-तीनदा बघितलं आणि मी कोपऱ्यातल्या डब्यातनं उरलेलं सूत काढलं. म्हणलं, एका जातीची सगळी एका दोरीत ओव की. शेडमध्ये आम्ही तेच करत होतो. रंगाच्या कारखान्यातनं लड्या आल्या की एका घाणीच्या लड्यांना एका दोरीत बांधून खिळ्याला टांगायच्या. एका वेळी एका हौदात रंगल्या ती एक घाण. दुसऱ्या दिवशीचा लाल तोच लाल दिसतो, हातात धरून काही कळत नाही. पण दोन घाणींचं सूत एका चादरीत गेलं, की चादर विणून झाल्यावर मधोमध पट्टा उठतो. आमचा मुकादम म्हणायचा, लडी ट्यूबखाली बघायची नाही, दारात नेऊन उजेडात बघायची.

तर सुनेनं कार्डं लिहायची आणि मी ओवायची, असं चालू झालं. आधी ती सांगायची, हे ह्यात, ते त्यात. मग तिनं सांगायचं सोडलं. मीच मराठी अर्थ वाचून ठरवायची आणि अडलं की विचारायची. तोल जाणं आणि पडणं एका दोरीत नको, म्हणलं, कारण तोल गेला तरी माणूस भिंतीला धरतं, पडतंच असं नाही. ती म्हणाली, बरोबर आहे आत्या. विस्मरण आणि स्मृतिभ्रंश वेगळे ठेव, म्हणलं, चष्मा कुठं ठेवला ते मी रोज विसरते, पण चष्मा कशाला असतो ते विसरत नाही. तिनं हे लिहून घेतलं. मला जरा भाव चढला, खोटं कशाला सांगू.

त्या कार्डांत माझा जीव रमला. आपल्यासारख्यांवर जगात एवढं लिहितात! सून सांगायची, पूर्वी नुसतं आजार, औषधं, पेन्शन, आणि म्हातारी माणसं वाढली तर त्यांना सांभाळणार कोण, एवढंच असायचं. मग हळूहळू शब्द बदलले. घरची काळजी घेणाऱ्या बायका आल्या, त्यांचा थकवा आला. मग हिंडतं-फिरतं म्हातारपण, मग मोबाइल, आणि अलीकडं एकटेपणा. मी चहाचं कार्ड शोधलं, नव्हतं. गप्पांचं नव्हतं. शेजारी म्हणून एक सापडलं, तेही कुठल्याच दोरीत बसेना. मी ते वेगळं ठेवलं.

आता चुकीचं सांगते.

श्रावणातला एक दिवस. सून सकाळी कार्डं टाकून कॉलेजात गेली होती, कसलीतरी बैठक होती. पावसाची झड नव्हती, ऊनही नव्हतं. मालकांचा तो जाण्याचा दिवस. यंदाचं श्राद्ध तिथीनं आधीच झालं होतं, तारखेचं कुणाच्या लक्षात राहत नाही, माझ्या राहतं. शेजारीण लेकीकडं गेलेली. मी चहा टाकला तो सवयीनं दोन कप टाकला. मग बसले ओवायला. एक कार्ड आलं, त्यावर मराठीत लिहिलेलं, एकटं राहणं. पाठोपाठ दुसरं, एकटेपणा. त्यांच्या भाऊबंदांची आणखी सात-आठ. मी जराही थांबले नाही. सगळी एका दोरीत ओवली, गाठ मारली आणि खिळ्याला टांगली. दुसरा कप गार झाला, तो मोरीत ओतला.

सुनेनं दोऱ्या पाहून कॉम्प्युटरात यादी भरली. त्या दोरीवर तिनं नजर टाकली, मला आठवतं, आणि पुढची दोरी हातात घेतली.

नकाशा निघाला. मोठ्या कागदावर छापून तिनं आणला तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. मधोमध पिवळा, ताटाएवढा गोळा. एकटेपणा. बाकी सगळं त्याच्याभोवती. सर खूश झाले म्हणे. म्हणाले, हेच तुमच्या प्रबंधाचं सार, शेवटचं प्रकरण यावरच बांधा. तिनं आठ दिवसांत ते प्रकरण लिहून काढलं. शुक्रवार दोन आठवड्यांवर आला होता आणि पहिल्यांदाच तिचा हात पोळपाटावर थांबत नव्हता.

मुलानं तो कागद फ्लॅटच्या जेवणाच्या टेबलावर बघितला. लगेच मला फोन. म्हणाला, "आई, मी सांगत होतो तेव्हा ऐकलं नाहीस. आता जगभरचे लोक सांगतायत." मी म्हणलं, जगभरचे लोक माझी भांडी घासायला येणार हायेत का? तो हसला नाही. दिवाळीआधी सामान हलवू म्हणाला. मी पण फार ताणलं नाही. एवढा मोठा गोळा कागदावर बघितल्यावर माझंच अवसान गेलं होतं.

कागदाची एक प्रत मी मागून घेतली होती. दारात पायरीवर बसून बघत होते, तर शेजारीण आली. ती आणि मी एकाच शेडमध्ये होतो, ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. घरात तेलुगू बोलतात, मी तिला अक्का म्हणते. नवरा गेल्याला तिला वीस वर्षं झाली, लेकी लग्न होऊन गेल्या, तेव्हापासून ती एकटीच राहते. पहाटे उठून रेडिओ लावते तो गल्लीला ऐकू जातो. अक्का म्हणाली, काय गं, कुठलं डिझाइन? चादरीचं का? मी तिला समजावून सांगितलं. ही माणसं, हे शब्द, हा मोठा गोळा.

"ह्यो मधला केवढा! ह्यात काय हाय?"

"एकटेपणा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा."

अक्कानं चष्मा पुसला, कागद ओढून घेतला. "मी एकटी राहते की. मग मी ह्यात हाय का?"

"हायेस."

"न्हाय," ती म्हणाली. "मला काडा ह्यातनं."

मी हसले. ती हसत नव्हती. म्हणाली, मला एकटीला वीस वर्षं झाली, मला एकटं वाटलं ते नवरा जिवंत होता तेव्हा, त्यो बोलायचाच न्हाय. आता मला कोण एकटं म्हणतंय त्याला घिऊन ये हितं. आणि पदर झटकून दळणाला गेली.

मी तशीच बसले. दारातला उजेड कागदावर पडला होता आणि मला मुकादम आठवला. आत गेले, खिळ्यावरची ती दोरी काढली, पायरीवर आणून एकेक कार्ड उजेडात धरून वाचलं. एकटं राहणं. एकट्याचं घर. स्वतंत्र राहणारे. आणि त्यांच्या गळ्यात गळा घालून एकटेपणा, एकाकीपणाची भावना, बोलायला कुणी नसणं. दोन घाणींचं सूत, आणि गाठ माझ्या हातची.

मी दोन दिवस कुणाला काही बोलले नाही. का, ते लिहायला संकोच वाटतो, पण लिहिते. एक म्हणजे शुक्रवार नऊ दिवसांवर होता. त्या गोळ्यावर तिचं शेवटचं प्रकरण उभं होतं, सरांची शाबासकी उभी होती. काढला तर काय काय कोसळेल मला माहीत नव्हतं. आणि मनात असंही येत होतं, की समितीतल्या कुणाला कळणार आहे? माझी दोरी बघायला कुणी भवानी पेठेत येणार आहे का? दुसरं त्याहून वाईट. मला वाटलं, ही चूक कळली की सून म्हणेल, आत्यांना कशाला सांगितलं मी हे काम. मग कार्डं येणार नाहीत, आणि कार्डं आली नाहीत तर सुट्टीच्या दिवशी ती पण येणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोरी पिशवीत घातली आणि रिक्षा केली. जुळे सोलापूरला पोचेपर्यंत मी चार प्रकारे बोलणं जुळवलं. मुलगा कामावर गेला होता. सून दारातच म्हणाली, आत्या, बरं वाटत नाही का, रिक्षानं एकट्या कशा आलात. मी टेबलावर दोरी ठेवली. जुळवलेलं काहीच आठवलं नाही.

"हे एका दोरीत जायला नको होतं," मी म्हणलं. "माझं चुकलं. त्या दिवशी मला ती दोन्ही एकच वाटली. तारीख होती गं ती."

तिला कुठली तारीख ते लगेच कळलं नाही, मग कळलं. ती खुर्चीवर बसली. दोरी हातात घेऊन एकेक कार्ड पुढं सरकवत गेली, सळईवरची सरकवतात तशी. मी मनात म्हणलं, आता रागावेल, रागावू दे, मी ऐकून घेईन.

"आत्या, मी पण बघितलं होतं," ती म्हणाली. "मला पण ते एकच वाटलं. तुमच्याकडं बघून मला नेहमी तेच वाटायचं."

मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते शुक्रवारचं होतं की दुसऱ्या कशाचं, मी विचारलं नाही. मी गॅसवर चहा ठेवला. मोजून दोन कप.

तिनं दुपारीच सरांना फोन केला. मी म्हणलं, माझं नाव सांग, म्हातारीनं घोळ घातला म्हण. ती म्हणाली, यादी माझी आहे, सही माझी आहे. सर आधी चिडले म्हणे, ऐनवेळी हे कुठून काढलं. ती म्हणाली, सर, एका आजींनी नकाशा बघून विचारलं, मी यात आहे का, आणि नकाशाकडं उत्तर नव्हतं. मग ते म्हणाले, करा दुरुस्त, पण प्रकरणही पुन्हा लिहावं लागेल, आणि चूक कशी झाली त्याचा एक परिच्छेद त्यात घाला, लपवू नका. फोन ठेवल्यावर तिनं चार दिवसांची रजा टाकली.

ते चार दिवस ती माझ्याकडंच राहिली. मुलगा डबा पोचवायचा आणि आदल्या दिवशीचा रिकामा डबा घेऊन जायचा. दोरी सोडणं सोपं होतं. पण काही कार्डं अशी होती, की लिहिणाऱ्यानं शब्द एक वापरलेला आणि म्हणणं दुसरं. ती निबंधाचा सारांश उघडायची, मराठीत मला सांगायची, आणि आम्ही ठरवायचो, ह्या बिचाऱ्यानं माणसं घरात एकटी आहेत ते मोजलंय, की त्यांना कसं वाटतं ते विचारलंय. अक्का दारात येऊन बसायची. तिला एखादा सारांश ऐकवला की म्हणायची, ह्येनं इचारलंच न्हाय, नुसतं घर मोजलं. बहुतेक वेळा तिचं बरोबर निघायचं. एकदा म्हणाली, तुज्या सुनंला सांग, मला पण एक पदवी लागंल. सून म्हणाली, अक्का, तुम्ही माझ्या समितीत असता तर मी मेलेच असते.

नवा नकाशा निघाला. ताटाएवढा गोळा फुटून दोन झाले, वाट्यांएवढे. त्यांच्यात रेघ होती, नव्हती असं नाही, पण मला वाटली होती तेवढी जाड नव्हती. एकटेपणाच्या गोळ्याला उदासपणा, झोप न येणं, जोडीदार जाणं यांच्या रेघा चिकटलेल्या. एकटं राहण्याच्या गोळ्याला दुसऱ्याच. स्वतःचं घर, स्वतःचा निर्णय, दवाखाना किती लांब, आणि एक बारीक रेघ धरून शेजारी. ते कुठल्याच दोरीत न बसलेलं कार्ड. सुनेनं तिथं बोट ठेवून मला दाखवलं. सरांना भव्य काही मिळालं नाही. सार म्हणून सांगायला मोठा गोळा उरला नव्हता. तिचं शेवटचं प्रकरण आधीपेक्षा बारकं झालं, आणि तिचा हात पुन्हा पोळपाटावर थांबायला लागला.

शुक्रवारी मी गेले नाही. जाऊन करणार काय, बाकावर बसून तिचा जीव आणखी वर. अक्कानं आणि मी सकाळपासून काही काम धड केलं नाही. शेंगाचटणी कुटली तर मीठ दोघींनी टाकलं. फोन दुपारी तीनला आला. मुलाचा आला, तो समितीच्या खोलीबाहेर थांबला होता; तिनं स्वतः का केला नाही म्हणून मी घाबरले. म्हणाला, झालं. मी म्हणलं, झालं म्हणजे काय, नीट सांग. म्हणाला, झालं म्हणजे पास झालं, ती रडतीय, तिच्याशी नंतर बोल.

नंतर तिनं सगळं सांगितलं. बाहेरून आलेल्या एक बाई होत्या समितीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, हे शब्द एकच आहेत हे कुणी ठरवलं? मग तिनं खरं ते सांगितलं. मी ठरवलं, माझ्याबरोबर त्या वयाच्या दोन बायका होत्या, एक चूक झाली आणि ती अशी सापडली. पहिला नकाशा पण तिनं पिशवीत ठेवला होता, तो काढून शेजारी मांडला. बाईंनी दोन्ही कागद जवळ ओढून घेतले. म्हणाल्या, हे दोन्ही प्रबंधात घाला, शेजारी शेजारी, आणि जोडलेल्या शब्दांची पूर्ण यादी मागं जोडा. एवढीच दुरुस्ती, दोन महिन्यांत करून द्या.

त्या रविवारी मुलगा आला. खिळ्याला दोऱ्या टांगलेल्याच होत्या, कारण सरांनी सांगितलं होतं, पदवी हातात पडेपर्यंत कार्डं टाकू नका, कुणी विचारलं तर दाखवता आली पाहिजेत. तो त्यांच्याखाली उभा राहिला. सुनेनं त्याला काय सांगितलं होतं कुणास ठाऊक. त्यानं त्या दोन दोऱ्या हातात घेतल्या, दोन्हींवरची पहिली कार्डं वाचली, एकटं राहणं आणि एकटेपणा, आणि विचारलं, "आई, तू ह्यातल्या कुठल्या दोरीत?"

मी म्हणलं, "बहुतेक दिवस ह्या. एखाद्या दिवशी त्या. आणि त्या दिवशी मी फोन करीन की. तू रोज रोज विचारू नको."

तो म्हणाला, करशील ना पण. मी म्हणलं, करीन. सामान कधी हलवायचं तो विषय त्या दिवशी कुणी काढला नाही.

शब्द दिला खरा, पण पाळायला अवघड निघाला. एवढं आयुष्य गेलं, फोन करून असं काही सांगायची आपल्याला सवय कुठं असते? पाय दुखतो सांगता येतं, पाणी आलं नाही सांगता येतं. दिवाळी झाली, सगळे इथं जेवून गेले. थंडी पडली. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी दुपारी मी मालकांचा स्वेटर उन्हात घालायला काढला आणि तो हातात घेऊन बसले ती उठलेच नाही. अक्का लेकीकडं. मागांची खटखट चालू होती. चार वाजले तसा मी फोन लावला. मुलाला नाही लावला, सुनेला लावला.

"कॉलेजात हायेस का गं?"

"हो आत्या. काय झालं?"

"काही नाही," मी म्हणलं, आणि मग म्हणलं, "आज दुसरी दोरी हाय."

येते म्हणाली. पाऊण तासात तिची स्कूटी गल्लीत वाजली. हेल्मेट काढत आत आली, पर्समधनं प्रबंधाच्या कव्हराचे दोन नमुने काढले, एक मरून, एक गडद निळा, आणि म्हणाली, यातला कुठला घ्यायचा ते मला कळंना, तुम्हाला रंगातलं कळतं. मी स्वेटर घडी करून खाटेवर ठेवला. दोन्ही नमुने घेतले आणि म्हणलं, इथं नाही गं कळायचं, चल, दारात जाऊन उजेडात बघू.